हातचा एक

चार हजार एकशे बारा ओळी होत्या.
तारीख, नाव, लिटर, फॅट, कॅनचं तापमान.
काही मी हातमोजे न काढता टाइप केलेल्या,
म्हणून एका जागी सत्तावीसच्या ऐवजी सत्तावीसशे.
एवढं दूध पाक्राष्टेत एका सकाळी निघालं असतं
तर लिथुआनियाभर दही लागलं असतं.
तेवढं दुरुस्त केलं.

मग सगळ्या ओळी निवडल्या
आणि सारांश मागितला.
पापणी लवते न लवते तोच
अख्खं वर्ष घडी घालून समोर:
एकोणीस नावं, बारा महिने, तळाशी गोळाबेरीज.
शाळेत बाई सांगायच्या,
हातचा एक विसरू नकोस, औश्रिने,
बोटावर धरून ठेव.
हे यंत्र हातचा कुठं धरतं
मला कधी दिसलं नाही.

आलेख उगवायला दोन टिचक्या पुरल्या.
रंग मात्र मी निवडला, राईच्या पिकाचा.
(आपोआप येणारा निळा सगळ्या ऑफिसांचा असतो.)
शेजारी बटणांची पट्टी लावली: नाव. महिना. वस्ती.
एक दाबलं की बाकीचे स्तंभ खाली बसतात,
जणू प्रार्थना संपली.

शुक्रवारी बँकेचा वितेनिस आला,
बुटांवरचा बर्फ दारात न झाडता.
आकडे नकोत, म्हणाला, चित्र दाखवा.
भिंतीवर चादर, चादरीवर आम्ही.
"म्हणजे हे हलतं?" कास्तीतिसनं विचारलं.
"हलतं. तुमचं नाव दाबा."
त्यानं माउस धरला
गाईची कास चाचपावी तसा.

बारा स्तंभ. मार्चचा जेमतेम गुडघ्याएवढा.
"इथं का बसलात?" वितेनिस.
मी सारांशातल्या मार्चच्या आकड्यावर
दोनदा टिचकी मारली, तशी घडी उलगडली:
एकतीस ओळी, आणि नऊपासून बारा तारखेपर्यंत
शून्य
शून्य
शून्य
शून्य.
वासरू आडवं आलं होतं, कास्तीतिस म्हणाला.
एवढंच म्हणाला.
वासरासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

आणि हीटरशेजारी गेनोवाइते,
सवयीनं कॉफीला आलेली.
ऑक्टोबरात तिनं गाय विकली.
वरून पत्र आलं: सभासदत्व संपलेल्यांच्या ओळी काढा.
मी काढल्या, दोनशे बहात्तर.
ताजं करा, म्हटलं यंत्राला; त्यानं केलं,
गोळाबेरीज मुकाट्यानं खाली आली.
पण बटणांच्या पट्टीत, अगदी शेवटी,
तिचं नाव राहिलं. फिकट.
ओळी गेल्या तरी यंत्र नाव विसरत नाही,
आपणहून तरी नाही.

"त्याला एक सेटिंग असतं," वितेनिस म्हणाला,
"जुन्या नोंदी: शून्य करा. जातं."
मला ते सेटिंग ठाऊक आहे.
तिसऱ्या टॅबवर आहे.

तेवढ्यात ती उठली, चष्मा सारखा केला,
आणि स्वतःचं नाव दाबलं.
चादर कोरी. नुसते दोन अक्ष,
उभा लिटरांचा, आडवा महिन्यांचा,
मध्ये चादरीची जुनी इस्त्रीची खूण.
कुणी खोकलं.
"छान," ती म्हणाली, "घासलेल्या कॅनसारखं."
मग खूप वेळानं, कुणालाच नाही असं,
"मार्गे नाव होतं तिचं. डाव्या सडाला हळवी."

वितेनिसनं वहीत काहीतरी लिहिलं. कर्जाचं असावं.
ते गेल्यावर मी कप विसळले,
फाइल उघडली, तिसऱ्या टॅबपर्यंत गेले,
परत आले.
मार्गे हे सहा लिटरांचं नाव की सोळा,
मी आता कुठल्याही स्तंभात शोधू शकत नाही.
बाहेर उणे एकोणीस.
डाव्या हाताचं एक बोट
मी अजून दुमडून धरलंय.